कॅमेरा आपला, किल्ली परक्याची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार काढून घेतला. ‘विंडोज ११’साठी अपात्र ठरलेल्या असंख्य संगणकांत बिघाड कसलाच नव्हता. फलटणसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेने पै-पै जमवून घेतलेले चालते यंत्र परदेशातल्या फर्मानाने मोडीत काढायचे, हे कुठले शहाणपण? अशा यंत्रांना लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली नवे आयुष्य देते. सी-डॅकने तिच्यावरच बेतलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ साली आणली. तिच्यात मराठीही आहे.

पण लिनक्सचे नाव काढताच ठराविक आक्षेप येतो : ‘त्यावर वेबकॅम चालत नाही.’ २०२० च्या टाळेबंदीत शाळेचा वर्ग पडद्यावर भरलेला ज्यांनी पाहिला, त्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही. प्रश्न एवढाच की, दोष कोणाचा?

यूएसबी कॅमेरा जोडताच तो आपल्या उत्पादकाचा व प्रकाराचा क्रमांक संगणकाला कळवतो. त्यावरून प्रणाली योग्य ‘ड्रायव्हर’ शोधते. कॅमेऱ्याची भाषा जाणणारा हा दुभाषा. ही भाषाच कंपन्यांनी वर्षानुवर्षे दडवून ठेवली! फिलिप्सच्या कॅमेऱ्यांसाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला माहिती मिळाली ती गोपनीयतेच्या करारावर. परिणामी मोठे चित्र उलगडणारा भाग बंदिस्तच राहिला. २००४ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून त्या बंद भागाची जोडणी काढली गेली, तेव्हा रागावलेल्या लेखकाने सारा ड्रायव्हरच मागे घेतला. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेला कॅमेरा एका भांडणापायी मुका झाला. पुढे ल्यूक सैयार या फ्रेंच तंत्रज्ञाने ते कुलूप उकलून मुक्त ड्रायव्हर सिद्ध केला. मिशेल झार या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने तर दोनशेहून अधिक कॅमेऱ्यांना वाचा दिली. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्यांनी जे नाकारले, ते असे हौसेने झाले.

ज्ञान खुले असले की काय घडते, हे फलटणकरांना शिकवायला नको. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ घडवली. तो गुण कोणी पेटीबंद करून ठेवला असता, तर माणदेशी मेंढपाळाच्या हाती काय लागले असते?

वेबकॅमपुरते उत्तर केव्हाच मिळाले आहे. ‘यूव्हीसी’ हे सामायिक मानक २००३ मध्ये आले आणि २००८ पासून त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे. हे मानक पाळणारा कॅमेरा जोडला की तबकडी लागत नाही, कंपनीची मनधरणी लागत नाही. तरीही चित्र दिसले नाही, तर दुसऱ्या आज्ञावलीने कॅमेरा अडवून ठेवला आहे का आणि वापरकर्त्याला ‘व्हिडिओ’ गटाची परवानगी आहे का, एवढे आधी पाहावे. जुना आक्षेप आज बव्हंशी शिळा झाला आहे, पण विक्रेत्यांच्या तोंडून तो अजून सुटत नाही. सुटेल कसा? नवा संगणक खपायचा असतो ना!

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मग सरकारी पैशाने होणाऱ्या खरेदीत ‘कॅमेरा यूव्हीसी मानकाचाच हवा’ ही एक ओळ सक्तीची का नको? ती लिहायला पैसा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या पुढच्या निविदेत ती आहे की नाही, हे पालकांनी व शाळा समित्यांनी निविदा उघडून पाहावे, आणि नसेल तर लेखी विचारावे.