तपासणी कामगाराची, सूट मालकाला!

लखनौच्या अमौसी विमानतळावर काम करणाऱ्या वैमानिकाकडे किंवा हवाई वाहतूक नियंत्रकाकडे लघवीचा नमुना अचानक मागितला जाऊ शकतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा हा नियम 31 जानेवारी 2022 पासून देशभर लागू झाला. त्यानुसार दरवर्षी किमान दहा टक्के वैमानिक व नियंत्रकांची तपासणी करावी लागते. गांजा, कोकेन आणि अफू यांच्याच पंक्तीला तेथे बेंझोडायझेपिन गटातील औषधे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्याही बसवल्या आहेत.

प्रवाशांच्या सुरक्षिततेला कोणताही जबाबदार कामगार विरोध करणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. आज पहाटे, उद्या मध्यरात्री अशा पाळ्यांनी ज्याची झोप हिरावून घेतली, त्याला ती गोळीच्या रूपाने विकत घ्यावी लागते. लघवीची तपासणी औषधाचा अंश दाखवते. कामाच्या वेळी माणूस गुंगीत होता की नाही, हे ती सांगू शकत नाही. उलट, रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाचा नमुना निर्दोष ठरतो! थकवा नळीत सापडत नाही, तो कामाच्या वेळापत्रकात सापडतो.

त्या वेळापत्रकाला मात्र सवलत मिळते. नव्या नियमांनी वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली आणि रात्रीच्या कामावर मर्यादा घातली. ते अमलात येताच इंडिगो कंपनीचे नियोजन कोलमडले आणि डिसेंबर 2025 मध्ये हजारो उड्डाणे रद्द झाली. तेव्हा याच महासंचालनालयाने कंपनीला रात्रीच्या कामाच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. कामगाराच्या रक्तातील गोळी अक्षम्य. मालकाच्या हिशेबातील चूक क्षम्य!

रेल्वेतही हाच न्याय आहे. चारबागचा इंजिनचालक कामावर रुजू होताना श्वासतपासणीच्या यंत्रात फुंकर मारतो. पण 46 तासांची साप्ताहिक विश्रांती आणि सलग दोनच रात्रपाळ्या, एवढ्या मागणीसाठी त्याच्या देशभरातील सहकाऱ्यांना फेब्रुवारी 2025 मध्ये 36 तास उपोषण करावे लागले.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. उपचार घेणाऱ्याला गुन्हेगारांच्या रांगेत उभे करू नका. गोळीचा अंमल असेपर्यंत त्याला पगारी विश्रांती द्या. आणि कामगाराच्या नमुन्याबरोबर मालकाचे हजेरीपटही तपासा, कामगार संघटनेच्या प्रतिनिधीसमोर. विश्रांती ही मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे!