शेजारी नवं बिऱ्हाड आलं की...

मैत्रिणींनो, शेजारी नवं बिऱ्हाड आलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "गाव कोणतं हो?" उत्तर परमुलखातलं निघालं की लगेच "बाहेरची माणसं" असा शिक्का बसतो आणि हळदीकुंकवाचं बोलावणं राहून जातं.

पण आपलं बीड तरी बघा. १९४८ पर्यंत निजामाचं हैदराबाद संस्थान, १९५६ पासून मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र. बीडमधल्या आजीनं उंबरठा न ओलांडता राज्यं बदललेली पाहिली!

शिवाय दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याच जिल्ह्यातली हजारो जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने कोपीत राहतात. नवरा-बायको मिळून मोजणी "एक कोयता"! तिथल्या बायकांच्या लेखी "बाहेरची" कोण? आपलीच माणसं.

त्यांना तिथं कुणी हंडाभर पाणी सुखानं भरू द्यावं, असं वाटतं ना? मग आपल्या नळावर नव्या शेजारणीला आधी भरू द्या. तिचं नाव विचारा. दवाखाना, शाळा, रेशनचं दुकान दाखवा. आणि यंदाच्या संक्रांतीला तिळगुळाची पहिली वाटी तिच्या घरी जाऊ द्या.