खोली आईची, डोळेही आईचेच

आईच्या खोलीला नवा रंग द्यावयाचा ठरला, तेव्हा आम्हां भावंडांत दोन पक्ष पडले. बहिणीला फिकट आकाशी हवा होता, मला सायीसारखा पिवळसर. रंगाऱ्याने भिंतीवर दोन्हींचे रुंद पट्टे ओढून दिले. आकाशी पट्ट्याकडे पाहून आई म्हणाली, “हा राखाडी कशाला निवडलात?” आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो.

आईचे वय 81. वाढत्या वयाबरोबर डोळ्यांतील नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि बाहुलीही पूर्वीइतकी विस्फारत नाही. दृष्टिपटलापर्यंत प्रकाश कमी पोहोचतो. त्यातही निळा प्रकाश अधिक अडतो. त्यामुळे फिकट निळ्या छटा मळकट भासू शकतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम भिंग बसले, की निळा रंग बहुधा पुन्हा स्वच्छ दिसतो. म्हणून रंग निवडताना पसंती त्या खोलीत राहणाऱ्याच्या डोळ्यांची घ्यावी.

माझी सरशी झाली, असे मला वाटले. तेवढ्यात आईने पांढऱ्या दाराकडे बोट दाखविले. “रात्री ते भिंतीत हरवतं रे. मी चाचपत जाते.” हे तिने आजवर कुणालाच सांगितले नव्हते. सायीच्या भिंतीत पांढरे दार तसेच हरवले असते. वृद्धांना आधार देतो तो दोन पृष्ठभागांच्या उजळपणातील फरक. तो पारखण्याची युक्ती सोपी आहे : मोबाइलवर खोलीचे कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. दार आणि भिंत त्यात सारखीच दिसली, तर अंधूक प्रकाशात वृद्ध डोळ्यांनाही ती वेगळी ओळखणे कठीण जाईल.

अखेर भिंती सायीच्या झाल्या. दार व चौकट गडद तपकिरी. दिव्याच्या बटणांभोवतीही तसाच पट्टा ओढला. चकचकीत रंगावर दिवा पडून डोळे दिपतात, म्हणून चमकविरहित रंग घेतला. नमुन्याचे पट्टे सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून आईलाच दाखविले होते. रंगाचा वास जाईपर्यंत तिची निजण्याची सोय दुसऱ्या खोलीत केली. बहिणीने आपला आकाशी रंग पलंगपोसावर भागविला.

परवा मध्यरात्री आई उठली. कोपऱ्यातील मंद दिव्याच्या उजेडात, भिंतीला हात न लावता, ती सरळ दारापर्यंत गेली.