“आमच्यात बायका पीत नाहीत हो!”

पाळी अनियमित आहे किंवा दिवस राहत नाहीत, म्हणून बाई दवाखान्यात येते. थायरॉईड तपासतात, सोनोग्राफी होते, शुगर बघतात. एक प्रश्न मात्र राहून जातो: “ताई, तुम्ही दारू घेता का?” डॉक्टर विचारायला संकोचतात. आणि विचारलंच, तर सोबतच्या सासूबाईच उत्तर देतात, “आमच्यात बायका पीत नाहीत हो!”

बहुतेक बायका पीत नाहीत, हे खरंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १३.९ टक्के पुरुषांनी आणि फक्त ०.४ टक्के स्त्रियांनी दारू घेत असल्याचं सांगितलं. पण घरी आलेल्या अनोळखी माणसाला किती जणी खरं सांगतील? पिणारा पुरुष ‘व्यसनी’ ठरतो, पिणारी बाई थेट ‘चारित्र्यहीन’. म्हणून ती लपून पिते, आणि उपचाराला उशीर होतो.

आपला भवानीनगरचा भाग उसाचा. मळीपासून अल्कोहोल बनतं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. ते बाईच्या शरीरात काय करतं, हेही माहीत हवं.

पाळी आणि बीज : मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच या हार्मोन्समार्फत अंडाशयाला निरोप देते. रोजच्या जास्त दारूने हा निरोप बिघडतो. बीज वेळेवर सुटत नाही, पाळी पुढे जाते, कधी बंदच होते. प्रोलॅक्टिन वाढलं, तरी गर्भधारणेत अडथळा येतो.

स्तनाचा कर्करोग : दारूने इस्ट्रोजेन वाढतं, आणि या कर्करोगाचा धोकाही. इथे ‘थोडीशी चालते’ हा बचाव टिकत नाही. वाइनमध्येही अल्कोहोलच असतं.

गरोदरपण : गर्भपाताचा धोका वाढतो, बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गरोदरपणात दारूचं सुरक्षित प्रमाण नाही.

बाळंतपण : बाळंतिणीला ‘ऊब यावी’ म्हणून ब्रँडी देऊ नका. दारूने दूध उतरायला अडथळा येतो आणि ती दुधातून बाळाच्या पोटातही जाते.

शिवाय स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं. म्हणून तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते आणि लिव्हरही लवकर खराब होतं.

“मग पुरुषांचं काय?” अगदी बरोबर. दारूने पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतूही कमी होतात. तरी मूल होत नसलं की फाईल बायकोचीच जाड होते! नवरोबा, तुमचीही तपासणी करा.

ताई, तुम्ही घेत असाल तर डॉक्टरांना किती आणि किती दिवसांपासून, ते स्पष्ट सांगा. रोज जास्त पिण्याची सवय असेल तर मनाने एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात. औषधांच्या मदतीने सोडता येते, आणि सोडल्यावर अनेकींची पाळी पुन्हा सुरळीत होते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. तिथे जाण्यात लाज कसली? मधुमेहाचं औषध घेताना आपण लाजतो का?

आणि सासूबाई, नवरोबा, तुम्हाला एकच विनंती. पुढच्या वेळी तपासणीला आलात की पाच मिनिटं बाहेर बसा. तिचं उत्तर तिला देऊ द्या.