गुपित फुटल्यानं जादू मरत नाही

मोबाइलवर व्हिडिओ पाहून जादू शिकणारी पोरं आता यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद, वणी, दारव्ह्यातही असतात. त्यांच्यावर जाणत्यांचा राग आहे. गुपित चव्हाट्यावर येतं, गुरू नसतो आणि शिकलेलं सगळं उसनं असतं, असं ते म्हणतात. यातला तिसरा आक्षेप तेवढा मला खरा वाटतो.

गुपित फुटण्याचं भय फार जुनं आहे. लंडनचे वकील अँजेलो लुईस यांनी ‘प्रोफेसर हॉफमन’ या नावानं १८७६ मध्ये ‘मॉडर्न मॅजिक’ लिहून हातचलाखीच्या युक्त्या बारकाव्यांसह छापल्या. त्यानं जादूचा धंदा बसला म्हणावं, तर जगप्रसिद्ध जादूगार हुदिनीची सगळी कारकीर्द त्यानंतरची आहे. आपल्याकडे तर गुपित फोडण्यानं लोकांना शहाणं केलं. श्याम मानव आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समित्यांचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि लगेच कारणही सांगतात. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की काडी न ओढता होम पेटतो. (असले आगीचे प्रयोग पोरांनी व्हिडिओ पाहून एकट्यानं मुळीच करू नयेत.) चमत्काराच्या नावावर पैसे उकळणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं, पण गावात पोलिसांच्या आधी बुवा पोचतो. रिकाम्या मुठीतून नाणं काढायचा सराव केलेल्या पोराला, अंगारा काढणाऱ्या बुवाचा कुठला हात पाहायचा ते बरोबर कळतं.

आता गुरूचं. गुरू मिळत होता कुणाला? पुण्यात जादूगार रघुवीर, विजय रघुवीर, जितेंद्र रघुवीर अशी विद्या घरातच पुढे गेली. गारुड्या-मदाऱ्यांची विद्या त्यांच्याच पोराबाळांना मिळाली, आणि त्यांना तरी आपण कसं वागवलं? १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा रस्त्यावर खेळ करून पैसे मागणाऱ्यालाही भिकारी धरतो. रस्त्यावरचा गुरू हुसकून लावायचा आणि मग पोरांना ‘तुमचा गुरू कोण’ म्हणून दरडावायचं, हा अन्याय आहे. शिवाय गुरूवाचूनही जादूगार घडतो: आधुनिक जादूचा जनक मानला जाणारा फ्रेंच जादूगार रोबेर-हुदँ आत्मचरित्रात सांगतो की त्यानं घड्याळांवरची पुस्तकं मागितली होती, दुकानदारानं चुकून जादूची दिली आणि तिथून त्याला नाद लागला.

राहिला उसनेपणा. इथं मी पोरांच्या बाजूनं बोलणार नाही. कॅमेरा समोरून पाहतो, आपली माणसं चहूबाजूंनी बसतात. पाठीमागच्या पोराला लपवलेलं नाणं सरळ दिसतं. व्हिडिओतला माणूस फसलेला प्रयोग कापून टाकतो. आणि त्याचं हिंदी-इंग्रजी बोलणं घोकून इथल्या माणसाचं लक्ष हलत नाही. हात काम करत असताना नजर दुसरीकडे न्यायची असते आणि ते काम बोलण्याचं आहे. त्यासाठी वऱ्हाडी बोली हवी, समोरच्या काकांची फिरकी घेता यायला हवी. जमिनीवर मांडी घालून, गर्दीच्या मधोमध वाट्या-गोळ्यांचा खेळ करणाऱ्या गारुड्याला हे सगळं येत होतं. युक्ती व्हिडिओनं खुशाल शिकवावी, खेळ माणसांतच शिकावा लागतो.

म्हणून माझी शाळांना विनंती आहे. यंदाच्या गॅदरिंगला जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या खेळकऱ्याला मानधन देऊन सन्मानानं बोलवा. मोबाइलवरून शिकलेल्या पोरांना मंचावर न चढवता मैदानात बसवा, भोवती सगळी शाळा बसवा, आणि त्यांचा खेळ त्या खेळकऱ्याला पाहू द्या.