औषधाचे बिल कोणाच्या नावाने?

कारखान्यात पॉवर प्रेसखाली बोट गेले की पहिली धावपळ जवळच्या नर्सिंग होमकडे होते आणि दुसरी त्याच्या खालच्या मेडिकलकडे. भोसरी असो, वाळूज, अंबड की बुटीबोरी, हे ठरलेलेच. टिटॅनसचे इंजेक्शन, अँटिबायोटिक, सलाईन, गॉज, बँडेज, दुखणे थांबवायची गोळी. पैसे सुपरवायझर देतो, कधी ठेकेदाराचा माणूस, कधी सोबत धावत आलेला गाववाला. घाईत बिल फाडले जाते. त्यावर नाव कधी ‘कॅश’, कधी कारखान्याचे, कधी पैसे देणाऱ्याचे. ज्याचे बोट तुटले त्याचे क्वचितच. अपरात्री कॉम्प्युटर बंद असेल तर हातात येते ती कच्ची चिठ्ठी. पुढे महिनोन् महिने याच चिठ्ठ्यांवरून वाद होणार आहे, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी नसते.

हा खर्च मालकाने द्यायचा, असे कायदा म्हणतो; पण तो हे फार उशिरा म्हणू लागला. कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 सालचा. हात गेला, पाय गेला, जीव गेला तर किती रक्कम द्यायची हे त्यात पहिल्यापासून होते. उपचाराचा खर्च परत मिळण्याचा हक्क मात्र आला तो 2009 च्या दुरुस्तीने, 18 जानेवारी 2010 पासून. म्हणजे तब्बल 86 वर्षांनी. कामावर झालेल्या दुखापतीवर कामगाराने केलेला प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च त्याला परत करावा, एवढे एकच वाक्य कलम 4 मध्ये घालण्यात आले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुना कायदा पोटात घेतला, तेव्हा ही तरतूदही तिच्यात उतरली.

एका वाक्यात हक्क मिळाला, पण तो मागायचा कसा, हे सांगायला दुसरे वाक्य नाही. कोणते कागद पुरेसे, ते कुणाकडे द्यायचे, किती दिवसांत पैसे मिळायचे, यावर त्या कलमात अक्षर नाही. 1923 चा हाच कायदा बाकीच्या बाबतीत किती काटेकोर होता ते पाहण्यासारखे आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टात शरीराच्या भागांचा अक्षरशः दर ठरवलेला होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटली असे धरायचे. तर्जनी पूर्ण गेली तर 14, तिची दोन पेरे गेली तर 11, एकच गेले तर 9 टक्के. पेरापेराचा हिशेब मांडणाऱ्या कायद्याला औषधाच्या बिलावर काय असावे, हे सांगायला सुचले नाही.

नियम नसला की ज्याच्या हातात पैसे असतात त्याची यादी चालते. सरकारी नोकरांच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी ठराविक नमुने, प्रमाणपत्रे आणि सह्याशिक्के असतात. तीच सवय उचलून खासगी मालक आणि विमा कंपन्या कामगारासमोर यादी ठेवतात: मूळ बिल हवे, झेरॉक्स चालणार नाही, प्रत्येक बिलामागे त्या तारखेची डॉक्टरची चिठ्ठी हवी, हे औषध याच दुखापतीसाठी होते, असा डॉक्टरचा दाखला हवा, बिलावर औषध दुकानाचा परवाना क्रमांक आणि फार्मासिस्टची सही हवी. एकेक मागणी वेगळी घेतली तर गैर नाही. पण सगळ्या मिळून त्या अशा माणसाकडे केल्या जातात, ज्याचा उजवा हात गळ्यात अडकवलेला आहे आणि जो भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहतो.

त्यात हल्ली बिले निघतात थर्मल कागदावर. खिशात, उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले असे बिल काही महिन्यांत फिकट होत जाते आणि शेवटी पांढऱ्या कागदावर दुकानाचे नावही धड दिसत नाही. प्रकरण कामगार भरपाई आयुक्तांसमोर गेले की मूळ कागद मागितला जातो, आणि मूळ कागद तर कोरा! तो वाचता येत असेल, तर समोरचे वकील हरकत घेतात की बिल सिद्ध झालेले नाही, औषध दुकानदाराला साक्षीला बोलवा. तीन-चार हजारांच्या औषधांसाठी दुकान बंद करून उलटतपासणीला कोण येणार? कामगाराचा वकीलच मग सुचवतो की औषधांचे सोडून द्या, मुख्य भरपाई पाहू.

हक्क बुडतो तो असा. नकाराचे पत्र कुणी देत नाही. कामगार थकतो आणि मागणे सोडतो.

आणखी एक चलाखी सर्रास चालते. ‘औषधपाण्याचे सगळे आम्हीच केले ना, मग आता भरपाई कसली?’ असे मालक म्हणतो आणि कामगाराला ते पटतेही. वास्तविक मालकाने उपचारासाठी दिलेले पैसे भरपाईत धरता येत नाहीत, हे त्याच कलम 4 मध्ये स्पष्ट लिहिलेले होते. दोन्ही खाती वेगळी आहेत.

राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय असलेल्यांचे तुलनेने बरे. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हे कवच आहे. त्यात औषध दवाखान्यातूनच मोफत मिळायचे असते आणि कामावरच्या दुखापतीसाठी किती दिवस वर्गणी भरली, हे पाहिले जात नाही. नोकरीचा पहिला दिवस असला तरी हक्क आहे. इथेही साठा नसला आणि बाहेरून औषध आणावे लागले, की पुन्हा तीच बिलांची थप्पी. शिवाय ज्यांची नोंदणीच ठेकेदाराने केलेली नाही, ते या दारातही उभे राहू शकत नाहीत.

याच प्रश्नाला अमेरिकेतल्या टेक्सस राज्याने दिलेले उत्तर पाहण्याजोगे आहे. टेक्ससला कामगारांचा स्वर्ग समजायचे कारण नाही. खासगी मालकांना कामगार विमा सक्तीचा नाही, असे ते राज्य आहे. पण जिथे विमा आहे, तिथे औषधाचा कागद जखमी माणसाच्या हातात दिला जात नाही. औषध दुकानदार थेट विमा कंपनीला बिल पाठवतो. त्यासाठी डीडब्ल्यूसी-066 हा ठरलेला नमुना आहे. औषधाचा राष्ट्रीय क्रमांक, किती गोळ्या, किती दिवसांच्या, कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, हे सगळे दुकानदाराने भरायचे. औषध दिल्यापासून 95 दिवसांत बिल पोचले पाहिजे आणि बिल पूर्ण असेल तर विमा कंपनीने 45 दिवसांत पैसे द्यायचे किंवा कारण देऊन नाकारायचे. दुखापतीनंतरच्या पहिल्या सात दिवसांच्या औषधांसाठी तर वेगळी सोय आहे, कारण तोवर दावा मान्य झालेला असतोच असे नाही.

तिथेही भांडणे होतात, दुकानदार वैतागतात, क्रमांक चुकला म्हणून बिले परत येतात. पण भांडण दोन व्यावसायिकांमध्ये होते, ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहेत आणि कारकून आहेत. प्लॅस्टर घातलेला माणूस त्यात नसतो. मोठा फरक आहे तो हा.

यावर विमा कंपन्यांचा आक्षेप ठरलेला आहे: कागद सैल केले की खोटी बिले येतील. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ‘किती रुपयांचे बिल बनवून देऊ?’ असे विचारणारी मेडिकल दुकाने गावोगाव आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कामगाराकडून आणखी चार कागद मागून खोटेपणा थांबत नाही. जो दुकानदार खोटे बिल देतो, तो त्यावर परवाना क्रमांक आणि सहीही देतो. कडक अटींमुळे खोटे बिल अधिक नीटनेटके बनते आणि खरे बिल, कच्च्या चिठ्ठीवरचे, बाद होते.

पडताळणी करायचीच तर ती दुकानात करा. औषध नियम 1945 प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवर दिल्या जाणाऱ्या औषधाच्या विक्रीची नोंद दुकानाने ठेवायचीच असते. तीत रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव, औषध, प्रमाण, बॅच क्रमांक असे सारे येते. 1 मार्च 2014 पासून त्यात अनुसूची एच-1 ची भर पडली. अनेक अँटिबायोटिक्स आणि ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके या अनुसूचीत आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र रजिस्टर ठेवायचे आणि ते तीन वर्षे जपायचे. म्हणजे प्रेसखाली हात गेलेल्या माणसाला ज्या गोळ्या हमखास दिल्या जातात, त्यातल्या काहींचा पुरावा दुकानात कायद्यानेच तयार होतो. दाव्यासाठी 1923 च्या कायद्यात दोन वर्षांची मुदत होती. रजिस्टर त्याहून अधिक काळ टिकते. तरीही ते रजिस्टर मागवण्याऐवजी कामगाराच्या खिशातला उडालेला कागद मागितला जातो. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक ही रजिस्टरे तपासू शकतात. भरपाई आयुक्तांनी त्यांचा उतारा मागवायला काय हरकत आहे?

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्याच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या प्रकरणात म्हटले होते की उपचार खरोखर झाले का आणि डॉक्टर-रुग्णालयाच्या नोंदी त्याला दुजोरा देतात का, हे पाहावे. तांत्रिक कारणांवर दावा नाकारू नये. ते प्रकरण केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतले होते, कामगार भरपाईतले नव्हते. पण निवृत्त अधिकाऱ्याला जी मोकळीक, ती हेल्परला नको, असे कुठल्या न्यायाने म्हणता येईल?

नियमांचे काम अजून शिल्लक आहे, आणि ते फार मोठे नाही. जखमीच्या नावाचा केसपेपर किंवा डॉक्टरची चिठ्ठी आणि दुकानाच्या नोंदीशी जुळणारे बिल, एवढ्यावर पैसे मिळावेत. बिलावर नाव कोणाचे आहे, हा मुद्दा नसावा. मोबाइलवर काढलेला बिलाचा फोटो मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरावा. 1923 च्या कायद्यात मुख्य भरपाई वेळेत न दिल्यास 12 टक्के व्याज लागत असे, तशीच औषधांच्या पैशांना वेगळी, छोटी मुदत असावी. आणि औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांनी जवळच्या मेडिकलमध्ये अपघातासाठी खाते उघडावे. ओळखीच्या दुकानात कारखान्याच्या चहा-नाश्त्याची उधारी चालते, मग ड्रेसिंगच्या सामानाची का चालू नये? काही शहाणे कारखानदार हे आजही करतात.

कारखानदारांसाठी यात एक हिशेबाची गोष्ट आहे. कामगार भरपाईची पॉलिसी घेताना औषधोपचाराचे कवच पुष्कळदा वेगळा हप्ता भरून जोडावे लागते आणि त्यालाही रकमेची मर्यादा असते. ते जोडलेले नसेल तर कायद्याने अंगावर आलेला खर्च मालकाच्याच खिशातून जातो, आणि मग बिलांत खोट काढण्याचे काम हिशेबनीसाकडे येते. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंटला एवढे विचारले तरी पुरे: वैद्यकीय खर्च यात आहे का, किती रुपयांपर्यंत, आणि मेडिकलवाल्याला तो थेट मिळतो का?