दुसऱ्या हाताचं बीपी

“पाठ कुणीतरी उभी फाडतंय,” एवढं बोलून आमचे हे ओट्याला धरून खालीच बसले. वय 56. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बीपीची गोळी चार महिन्यांपूर्वी मनानेच बंद केलेली.

पहिल्या दवाखान्यात ईसीजी नॉर्मल आला. गॅसचं इंजेक्शन देऊन घरी धाडलं. संध्याकाळी डावा पाय गार पडला. दुसऱ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाईंनी बीपी घेतलं, पट्टा सोडला आणि काही न बोलता दुसऱ्या हाताला बांधला. उजव्यात 190, डाव्यात 150. “सीटी करायचा, आत्ताच्या आत्ता.”

महाधमनीचं आतलं अस्तर फाटलं होतं. रक्त भिंतीच्या थरांत घुसून डाव्या हाताकडची आणि पायाकडची वाट दाबत होतं. हृदयालगतचा भाग फाटला असता, तर छाती उघडावी लागली असती. यांची चीर डाव्या हाताकडे जाणाऱ्या रोहिणीच्या खाली होती. म्हणून त्याच रात्री जांघेतून तार सरकवून, कापड मढवलेली जाळीची नळी वर नेली आणि चीर आतून झाकली. तिसऱ्या दिवशी हे वॉर्डात चालले.

भेटायला येणारा जो तो जांघेवरची इवलीशी खूण बघून थक्क होतो. व्हावंच. 1987 मध्ये खारकिव्हला निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत आणि 1990 मध्ये ब्युनोस आयर्सला हुआन परोदी यांनी पोटातल्या महाधमनीत अशी नळी बसवली, म्हणून आज माझं घर उभं आहे. पण ती नळी आमच्यापर्यंत पोचली ती डॉक्टरबाईंनी पट्टा सोडून पुन्हा बांधला म्हणून. हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं असतं, तर जिवावरच बेततं.

दोन्ही हातांचं बीपी सारखं आलं म्हणजे धोका टळला, असं मात्र नाही. संशय असेल तर सीटी हवाच. पण तो संशय यायला दोन मिनिटं लागतात आणि पैसा एकही नाही. नळीच्या बिलापायी माझ्या पाटल्या मोडल्या. बंद केलेल्या गोळीची अख्खी पट्टी दोन-चार चहांच्या पैशांत येते.

तेव्हा गोळी मनाने सोडू नका. आणि छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली, तर दवाखान्यात संकोच न करता म्हणा: “डॉक्टर, दुसऱ्याही हाताचं बघा.”